देवळांतील पियानोचा स्वर

(सुवर्ण महोत्सवानिमित्त गायनवृंदाच्या मेळाव्यांत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



महोत्सवाच्या निधींतून आपल्या गायनवृंदासाठीं विजेवर चालणारें नवें वाद्य, ज्याला तुम्ही सर्व कीबोर्ड म्हणतां, तें घेण्यांत आलें, ही गोष्ट धर्मग्रामांत सर्वश्रुत आहे. तें आल्यापासून त्याच्यावरून जो वाद माजला आहे, तोही तितकाच सर्वश्रुत आहे. तरुणांचें म्हणणें असें कीं, इतकें मोलाचें वाद्य घेतलें आहे तर त्यांतील सर्वांत मोठ्या, सर्वांत भरदार पियानोचा स्वर लावावा. वडीलधाऱ्यांचें म्हणणें असें कीं, पियानो हें मुळीं देवळांतलें वाद्यच नव्हे, आपली पेटी बरी होती. दोन्ही पक्ष मजकडे येऊन गेले. एका घरांत तर आजोबा पेटी वाजविणारे व नातू कीबोर्ड वाजविणारा. या विषयावरून ते दोघे तीन आठवडे एकमेकांशीं बोलले नव्हते. त्यांची नांवें सांगण्याचें कारण नाहीं, तीं तुम्हांस ठाऊक आहेत. आणि हें सांगण्यास दोघांचीही परवानगी मीं घेतली आहे. तेव्हां आज मोठा उपदेश न करितां, या विषयाची खरी माहिती काय, आपण काय ठरविलें आणि कां ठरविलें, एवढेंच तुमच्यापुढें ठेवितों.

वडीलधाऱ्यांची बाजू प्रथम घेतों, कारण तिला आधार आहे. संत दहावे पायस यांनीं २२ नोव्हेंबर १९०३ रोजीं, म्हणजे गायकांची आश्रयदात्री संत सिसिलिया हिच्या सणाच्या दिवशीं, पवित्र संगीताविषयीं जें आज्ञापत्र काढिलें, त्यांत देवळामध्यें पियानो वाजविण्यास स्पष्ट मनाई होती, आणि ढोल, झांजा इत्यादि गोंगाट करणारीं वाद्यें त्याच्याच पंक्तीस बसविलेलीं होतीं. त्या काळीं युरोपांत पियानो हें दिवाणखान्याचें व नाचगाण्याचें वाद्य होतें. माझ्या मतें मनाई झाली ती वाद्याच्या जातीमुळें नव्हे, तर त्याच्या संगतीमुळें झाली. पुढें १९६३ सालीं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें पाइप ऑर्गनचा मान कायम राखून असें ठरविलें कीं, जीं दुसरीं वाद्यें पवित्र कार्यास योग्य असतील किंवा योग्य करितां येतील, तीं अधिकाऱ्यांच्या संमतीनें घ्यावींत. १९६७ च्या रोमच्या सूचनापत्रांत त्यास दोन अटी जोडलेल्या आहेत, त्या मात्र आपल्याकडे फारशा कोणास आठवत नाहींत. वाद्यानें गाणाऱ्यांच्या आवाजास आधार द्यावा, त्यास झांकून टाकून शब्द अस्पष्ट करूं नयेत. आणि धर्मगुरू आपला भाग मोठ्यानें म्हणत असतां वाद्यें स्तब्ध असावींत. या दुसऱ्या अटीप्रमाणें, मी अर्पणाची महाप्रार्थना म्हणत असतां मागें जो मंद, लांबट, धुक्यासारखा स्वर चालू ठेवण्याची कांहीं ठिकाणीं चाल पडली आहे, ती आपल्या देवळांत पडणार नाहीं. यावर चर्चा नको.

तात्पर्य, पियानोला आज बंदी नाहीं. परंतु आपल्या पेटीवाल्या मास्तरांनीं मला याहून कठीण प्रश्न विचारला. ते म्हणाले, ‘फादर, या यंत्रांत पियानो आहे कोठें? कोणी तरी, कोठें तरी वाजविलेला पियानो यांत भरून ठेविला आहे. मग ही ग्रामोफोनची तबकडीच नव्हे काय? आणि मिस्साच्या वेळीं तबकडी लावावयाची नसते, हें आम्हांस तुमच्या आधींच्या सर्व फादरांनीं शिकविलें.’ प्रश्न बरोबर आहे. ३ सप्टेंबर १९५८ रोजीं, बाराव्या पायस यांच्या कारकीर्दींत, निघालेल्या सूचनापत्रानें ग्रामोफोन, रेडिओ, ध्वनिमुद्रणाचें यंत्र अशा आपोआप वाजणाऱ्या साधनांचा उपासनेंत उपयोग करण्यास मनाई केली होती. देवाची स्तुति जिवंत माणसानें त्याच क्षणीं करावयाची असते, हें त्यामागील तत्त्व आजही जुनें झालेलें नाहीं. म्हणून मास्तरांना उत्तर देण्यापूर्वीं हें यंत्र कसें घडतें तें नीट समजून घेणें मला भाग पडलें.

आधीं खरा पियानो. तो इटलींतील फ्लॉरेन्स शहरीं बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी नांवाच्या कारागिरानें इ. स. १७०० च्या सुमारास घडविला. त्यापूर्वींच्या हार्प्सिकॉर्ड वाद्यांत तार खुडली जात असे; पट्टी हळू दाबा कीं जोरानें, आवाज जवळजवळ तोच. क्रिस्तोफोरीनें तारेवर हातोडी मारण्याची युक्ति काढिली व बोटाच्या बळाप्रमाणें आवाज नाजूक किंवा भारी होऊं लागला. ‘पियानो’ म्हणजे हळू आणि ‘फोर्ते’ म्हणजे जोरानें, या दोन इटालियन शब्दांवरून वाद्यास नांव पडलें. आजच्या पियानोस ८८ पट्ट्या व सुमारें २३० तारा असतात, कारण वरच्या व मधल्या स्वरांना प्रत्येकीं तीन तारा, त्याखालीं दोन, आणि अगदीं खर्जांतल्या स्वरांना एकेक जाड तार असते. हातोडीच्या तोंडाशीं दाबलेल्या लोकरीची गादी असते. ठोका जोराचा पडला म्हणजे आवाज केवळ मोठा होत नाहीं, त्याचा रंगही पालटतो. तो अधिक तीक्ष्ण, धातूसारखा होतो. ही गोष्ट लक्षांत असूं द्या.

आतां नकली पियानो. अमेरिकेंतील रेमंड कुर्झवाइल यांनीं १९७६ सालीं अंधांना छापील मजकूर वाचून दाखविणारें यंत्र केलें. प्रसिद्ध अंध गायक स्टीव्ही वंडर यांनीं तें घेतलें, आणि पुढें १९८२ सालीं या दोघांच्या बोलण्यांतून असा विचार निघाला कीं, खऱ्या वाद्यांचे स्वर विजेच्या वाद्यावर जसेच्या तसे कां वाजूं नयेत? त्यांतून १९८४ सालीं कुर्झवाइल २५० हें वाद्य बाहेर पडलें. स्वरांचे नमुने मुद्रित करून ते पट्ट्यांवर वाजविण्याची कल्पना त्याआधींचीच. ऑस्ट्रेलियांत १९७९ सालीं निघालेलें फेअरलाइट हें त्याच तत्त्वावर चालत असे. परंतु पियानोसारख्या अवघड वाद्याचें सोंग बऱ्यापैकीं साधलें तें कुर्झवाइलच्या वाद्यांत. एका आंधळ्याच्या गरजेसाठीं झालेल्या यंत्रापासून ही ओळख जुळली, हें मला आवडलें म्हणून सांगितलें. त्याचा आपल्या वादाशीं कांहीं संबंध नाहीं.

रीत अशी आहे. शांत खोलींत उत्तम पियानो ठेवून एकेक पट्टी अगदीं हळू, मग थोडी जोरानें, मग आणखी जोरानें वाजवितात आणि दर वेळीं तो नाद विरेपर्यंत मुद्रित करितात. आपण कीबोर्डची पट्टी दाबतों तेव्हां ती किती वेगानें खालीं गेली हें यंत्र मोजतें, त्या वेगास १ ते १२७ पैकीं एक अंक देतें, व त्या अंकास साजेसा नमुना वाजवितें. आतां गणित पाहा. सीडीच्या प्रतीच्या मुद्रणांत दर सेकंदास ४४,१०० वेळां ध्वनीचें माप घेतलें जातें. डावा व उजवा असे दोन मार्ग धरले तर सेकंदास १,७६,४०० बाइट लागतात. एक स्वर २० सेकंद टिकतो असें धरा, म्हणजे ३५ लाखांवर बाइट झाले. ८८ पट्ट्या व प्रत्येकीचे आठ निरनिराळे जोर धरले तर ७०४ मुद्रणें होतात आणि एकंदर भार २४८ कोटि बाइट, म्हणजे जवळजवळ अडीच गिगाबाइट, भरतो. स्वीडनमध्यें झालेलें नॉर्ड स्टेज ३ हें २०१७ सालीं निघालेलें वाद्य रंगमंचावरील वादकांत फार नांवाजलेलें आहे. त्यांत सगळ्या पियानोंसाठीं मिळून जागा २ गिगाबाइटांची. म्हणजे आमच्या हिशेबाचा एकही पियानो त्यांत मावणार नाहीं.

मग कारागीर काटकसर करितात. वरचे स्वर लवकर विरतात, त्यांना थोडी जागा देतात. एकच नमुना शेजारच्या दोन-तीन पट्ट्यांना थोडा ताणून वापरतात. नादाची शेपूट फिरवून फिरवून लांबवितात. माहिती दाबून बसवितात. म्हणून एकच पियानो लहान, मध्यम, मोठा अशा निरनिराळ्या आकारांत मिळतो, आणि कोणता पियानो किती जागेचा घ्यावयाचा हें घेणाऱ्यानें ठरवावयाचें असतें. आणखी एक उणीव अशी कीं, खऱ्या पियानोंत पाय-खटका दाबला म्हणजे एका स्वराच्या ठोक्यानें इतर तारा आपोआप गुणगुणूं लागतात. नमुन्यांत प्रत्येक स्वर एकटाच मुद्रित केलेला असतो. दहा बोटें ठेविलीं तर दहा एकाकी स्वरांची बेरीज होते, मेळ होत नाहीं. चांगले कारागीर हा परस्पर-नाद निराळा तयार करून त्यांत मिसळतात.

हें सर्व समजल्यावर मास्तरांना मीं जें उत्तर दिलें तें असें. तबकडींत गाणें बंदिस्त असतें; या यंत्रांत फक्त स्वर आहेत, गाणें नाहीं. छापखान्यांतील खिळे कोणी तरी दुसऱ्यानें ओतलेले असतात, म्हणून त्या खिळ्यांनीं जुळविलेला मजकूर खिळे ओतणाऱ्याचा होत नाहीं. स्वर दूरच्या कोण्या पियानोचे असले, तरी कोणता स्वर, केव्हां, किती बळानें, आणि गाणारे श्वास घेतात तेथें किती थांबून, हें सर्व येथें बसलेल्या मुलाच्या बोटांत आहे. परंतु मास्तरांच्या प्रश्नाचा अर्धा भाग खरा ठरतो, तोही सांगितला पाहिजे. याच यंत्रांत एक बटण असें आहे कीं तें दाबलें म्हणजे ढोलकें, बास, तंतुवाद्यें आपलीं आपण चालूं लागतात. ती मात्र तबकडीच होय. तें बटण आपल्या देवळांत दाबलें जाणार नाहीं.

आतां निवडीकडे वळूं. वाद्य घ्यावयास गेलेली मंडळी दुकानांत कानाला हेडफोन लावून स्वर ऐकून आली आणि सर्वांनीं एकमुखानें नऊ फुटी मैफलीच्या पियानोचा स्वर पसंत केला. हेडफोनमध्यें तो खरोखरच अप्रतिम लागतो. परंतु हेडफोनमध्यें कोणी मिस्सा ऐकत नाहीं. म्हणून आपण एका सायंकाळीं परीक्षा घेतली. चार स्वर ठरविले: मैफलीचा मोठा पियानो, एक फार तेजस्वी पियानो, एक मवाळ व गडद पियानो, आणि घरगुती उभा पियानो. गायनवृंदानें कोणीही पूर्वीं न ऐकलेलें एक नवें कडवें चारही स्वरांबरोबर गाइलें, दर वेळीं नवें कडवें. आणि शेवटच्या बाकावर बसविलेल्या आठ जणांनीं जे शब्द कानीं पडले ते कागदावर लिहिले. कोणता पियानो चालू आहे हें त्यांस सांगितलें नव्हतें. ते कागद मजजवळ आहेत. मोठ्या पियानोच्या वेळच्या कागदांवर रिकाम्या जागाच पुष्कळ. एकावर तर एवढेंच लिहिलें आहे: ‘पियानो छान वाजला.’

असें कां व्हावें? एक तर आपलें देऊळ उंच, खालीं गुळगुळीत फरशी, भिंती गिलाव्याच्या. रिकाम्या देवळांत टाळी वाजविली तर तिचा नाद बराच वेळ घुमत राहतो. मोठ्या पियानोचे खर्जाचे स्वर मुळांतच लांब टिकणारे, त्यांवर यंत्रानें घातलेला दिवाणखान्याचा प्रतिध्वनि, आणि त्यावर आपल्या देवळाचा प्रतिध्वनि, अशी एकावर एक तीन पांघरुणें शब्दांवर पडतात. यंत्रांतला प्रतिध्वनि आपण पूर्ण बंद केला आहे. कोणीही तो ‘जरासा’ म्हणून पुन्हां चालू करूं नये. देवळानें तो फुकट दिलेलाच आहे.

दुसरें कारण कोणाच्याच ध्यानांत आलेलें नव्हतें. मोठ्या पियानोचे नमुने दोन मायक्रोफोनांनीं, डावा-उजवा अंतर ठेवून घेतलेले असतात. आपले कर्णे एकाच मार्गाचे आहेत. डावा व उजवा असे दोन ध्वनि एकत्र मिसळले म्हणजे कांहीं ठिकाणीं ते एकमेकांस छेदतात आणि पियानो पोकळ, डब्यांतून आल्यासारखा लागतो. हेडफोनमधील थोरवी नेमकी तेथेंच नाहींशी होते. म्हणून कीबोर्डचा एकच मार्ग कर्ण्यांकडे नेला आहे आणि एका मार्गावरही धड लागणारा स्वर शोधला आहे.

तेजस्वी पियानोचा दोष वेगळा. ढोल-गिटारांच्या गर्दींतून वर येण्यासाठीं तो उत्तम. परंतु त, स, च, ष या व्यंजनांची धार ज्या उंच पट्ट्यांत असते, तेथेंच त्याची चमक पडते. स्वर ऐकूं येतात पण शब्द कुरतडले जातात. मवाळ पियानोनें शब्द झांकले नाहींत, पण त्याचा ठोका इतका अंधुक कीं मागच्या बाकांवरील लोक सूर धरावयास अर्धा क्षण उशीर करूं लागले, आणि सगळें गाणें ओढीत नेल्यासारखें झालें. उरला उभा पियानो. त्याचा खर्ज आटोपशीर, नाद लवकर विरणारा, ठोका स्पष्ट. एकटा वाजविला तर तो गरीबच वाटतो. परंतु त्याच्या वेळचे कागद सर्वांत भरलेले निघाले, आणि तरुण मंडळींनींच ते वाचून दाखविले. तेव्हां रविवारच्या मिस्सासाठीं उभा पियानो ठरला आहे. नाताळच्या व ईस्टरच्या मिरवणुकींत, जेथें शब्दांपेक्षां घोषाला महत्त्व, तेथें मोठा पियानो लावण्यास माझी हरकत नाहीं.

स्पर्शाविषयीं दोन शब्द. जो हात पेटीवर अथवा जुन्या ऑर्गनवर तयार झाला, त्याला बोटाच्या बळाचा हिशेब ठेवण्याची संवय नसते, कारण तेथें बळ भात्याचें असतें. असा हात कीबोर्डवर बसला म्हणजे प्रत्येक पट्टी सारख्याच जोरानें पडते आणि यंत्र दर वेळीं तोच कर्कश नमुना काढून देतें. आमच्या मुलांपैकीं दोघांस ही खोड होती. यंत्रांत स्पर्श जड करण्याची सोय आहे, ती आपण वापरली. आतां सौम्य ठोक्यास सौम्य स्वर निघतो. परंतु यंत्रानें अर्धेंच काम होतें. उरलेलें सरावानें व्हावयाचें आहे.

आणि पेटी? ती कोठेंही जात नाहीं. पेटी मुळांत आपली नव्हे, असें कोणी म्हणेल; पॅरिसच्या अलेक्सांद्र देबेन यानें १८४० च्या सुमारास हार्मोनियम केला, मिशनरी मंडळींबरोबर तो हिंदुस्थानांत आला, आणि कलकत्त्यांत द्वारकानाथ घोष यांनीं मांडी घालून हातानें भाता मारण्याजोगें रूप त्यास दिलें. तिलाही परकी म्हणून हाकलण्याचे प्रयत्न झाले. आकाशवाणीवर १९४० पासून १९७१ पर्यंत हार्मोनियमला बंदी होती. ज्यांस पियानो परका वाटतो, त्यांनीं हें जरूर आठवावें. पण तरुणांसही एक सांगावयाचें आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचें ख्रिस्तपुराण १६१६ सालीं रायतूर येथें छापलें गेलें. सुमारें अकरा हजार ओव्या. ओवी म्हणतांना सूर एका ठिकाणाहून दुसऱ्याकडे सरकत जातो, आणि पियानोचा स्वर ठोका पडतांच मावळूं लागतो. ओवीखालीं पियानो म्हणजे वाहत्या पाण्यांत खुंटे मारण्यासारखें. तेथें भात्याचा अखंड सूरच पाहिजे. ओव्या व अभंग यांबरोबर पेटीच वाजेल, कीबोर्ड नाहीं. कीबोर्डमधील नकली पेटीही नाहीं.

दोन्ही वाद्यें एकत्र वाजवावयाचीं असतील तर एक अडचण आहे, ती मास्तरांच्याच कानानें पकडली. वरच्या सप्तकांत दोघांच्या सुरांत थरथर येते. पियानोच्या तारा ताठर असल्यामुळें तो जुळविणारे कारागीर वरचे स्वर किंचित् चढे व खालचे किंचित् उतरते ठेवितात. नमुन्यांतही तो चढ-उतार तसाच उतरलेला असतो. पेटीच्या सुरांना तसें करावें लागत नाहीं. म्हणून एकत्र वाजवितांना कीबोर्डनें मधल्या दोन सप्तकांतच राहावें, वरची चाल पेटीवर सोपवावी. आणि पट्टी जुळवावयाची ती पेटीप्रमाणें. पेटीचा सूर बदलावयास पितळेची जीभ खरवडावी लागते, कीबोर्डचा एक आंकडा फिरविला कीं झालें.

प्रायश्चित्तकाळांत वाद्यें केवळ गायनाच्या आधारासाठींच वाजवावयाचीं, नुसतें वादन करावयाचें नाहीं, हा नियम तुम्हांस ठाऊक आहे; लेतारे रविवार, महासण व सण हे अपवाद. या वर्षीं त्या काळांत आपण पेटीच घेऊं. पवित्र गुरुवारच्या गौरवगीतानंतर तर ईस्टरच्या रात्रींतील गौरवगीतापर्यंत वाद्यास आधारापलीकडे मुळींच जागा नाहीं.

असो. आतां व्यवस्थेचें. कीबोर्डमध्यें पहिल्या क्रमांकावर उभा पियानो, दुसऱ्यावर ऑर्गन व तिसऱ्यावर मोठा पियानो ठेविला आहे. हा क्रम कोणी बदलूं नये. वीज गेली तर जनरेटर चालू होईपर्यंत थांबावयाचें नाहीं, मास्तर पेटीवर तेंच गाणें पुढें नेतील, म्हणून पेटी दर रविवारीं उघडी व सुरांत ठेविलेली असावी. तिचा भाता गेल्या आठवड्यांत दुरुस्त झाला. मास्तरांच्या नातवानें तो शहरांत नेऊन आणला. सराव गुरुवारीं सायंकाळीं साडेसात वाजतां आहे. पहिली अर्धी घटका नुसत्या आवाजानें, मग पेटी, मग कीबोर्ड. आणि कीबोर्डची तार वेदीकडील प्लगमध्यें लावावी, दाराजवळचा ढिला आहे.